मोरीचं पाणी कुठं जातं ते बघून साबण ठरवा



आजची नोंद उसाची नाही आणि सोयाबीनचीही नाही. आज मोरीतलं लिहिणार आहे. गावातल्या आणि पाहुण्यांतल्या बऱ्याच बायका विचारतात, "ताई, तुम्ही भांड्याचं आणि फरशीचं लिक्विड घरीच करता म्हणे, कसं करता ते सांगा की." कृती सांगतेच. पण नुसती कृती सांगितली तर निम्मंच सांगितल्यासारखं होईल. आमच्या घरात हे हौस म्हणून सुरू झालेलं नाही. ते सुरू झालं मातीमुळं आणि सुनेच्या हातांमुळं.

आधी मातीचं सांगते.

आमचं गाव वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठी. इथं क्षारपड हा शब्द शाळेत जायच्या आधी पोरांच्या कानावर पडतो. पाणी भरपूर, ऊस भरपूर आणि निचरा नाही, म्हणून कितीतरी चांगल्या जमिनी पडून राहिल्यात. त्यात दोन तऱ्हा. वर पांढरं मीठ फुटतं ती क्षारयुक्त. दुसरी चोपण. चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणाला चिकटून बसलेला असतो. सामू साडेआठच्या वर जातो आणि विनिमययुक्त सोडियम 15 टक्क्यांच्या वर. अशी माती भिजली की बुळबुळीत आणि वाळली की दगड. पाणी मुरत नाही, मुळीला हवा मिळत नाही. पुस्तकात हे दोन ओळींत आहे, पण ज्याच्या वाटणीला अशी जमीन आली त्याला विचारा.

आमच्या घरामागं अर्धा गुंठा परस आहे. मोरीचं पाणी आत्याबाईंच्या काळापासून तिकडंच सोडलेलं. त्यावर केळीची चार खुंटं, अळू, कढीपत्ता आणि एक शेवगा. चार वर्षांमागं उन्हाळ्यात अळूची पानं कडेनं करपायला लागली. कढीपत्त्याची वाढ थांबली. मोरीच्या तोंडाशी पाणी डबकं करून उभं राहायला लागलं. मालक म्हणाले, पाणी जास्त होतंय. मी म्हणलं, पाणी इतकी वर्षं तेवढंच आहे. हात घालून बघितलं तर माती बुळबुळीत. वाळलेल्या जागी खुरपं लागेना.

उसाचा माती नमुना तपासायला द्यायचाच होता, त्याबरोबर परसातले दोन नमुने दिले. कुंपणाकडच्या मातीचा सामू आठच्या आत आला. मोरीच्या तोंडाशी तो साडेआठच्या वर गेला होता. म्हणजे घरामागं आपली आपणच चोपण जमीन तयार होत होती. त्या जागेला कालव्याचं पाणी नाही, खताची गोणी नाही. होती ती फक्त मोरी.

धुण्याच्या पावडरीत काय असतं? धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट. बाकीचे घटकही बहुतेक सोडियमचेच क्षार. साबणाची वडी म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोडा, परत सोडियमच. पाच माणसांच्या घरात कपडे, भांडी, फरशी, अंघोळ सगळं धरून महिन्याला तीन-चार किलो सहज जातं. वर्षाचं चाळीस किलो धरा. शेतात एकराला किती किलो काय पडलं ते आपण वहीत लिहितो. हे कुणाच्याच वहीत नसतं.

आता सुनेचे हात. सून घरचं करते, म्हशींचं बघते आणि भांगलणीलाही येते. तिच्या बोटांची कातडी सोलायला लागली, पेरावर चिरा पडल्या. डॉक्टरांनी मलम दिलं आणि म्हणाले, पावडरीपासून लांब राहा, नाहीतर हातमोजे घाला. हातमोजे घालून भांडी घासता येतील हो, पण चिरा पडलेल्या हातानं भाकरी थापायची, मिठाचं पाणी लावायचं, मिरची खुडायची, ते कसं? ती तोंडातून शब्द काढत नव्हती, पण पीठ मळताना हात झटकायची ते मला दिसायचं.

तेव्हा मी तीन प्रश्न ठरवले आणि घरातली प्रत्येक बाटली त्यावर तपासली. एक, हिचं पाणी कुठं जातं? दोन, हाताला काय होतं? तीन, हे करायला वेळ कुणाचा जातो? तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही, पण त्याचं खाली सांगते.

राख

आत्याबाई भांडी राखेनं घासायच्या. राख फुकटची आणि कामाची. लाकडाच्या राखेत पालाशचा कार्बोनेट असतो, तो तेलकटपणा काढतो. आपण गोणी आणतो त्या पोटॅशचं नाव यातूनच आलंय. इंग्रजीत पॉट म्हणजे भांडं आणि अॅश म्हणजे राख. पूर्वी तिकडं लोक राखेचं पाणी भांड्यात आटवून तो क्षार काढायचे. राखेत सोडियमपेक्षा पालाश कितीतरी जास्त, त्यामुळं चोपणाची भीती कमी. पण राख सामू वाढवतेच. आमच्या परसाचा सामू आधीच वर, म्हणून राख रोजच्याला नाही. काळं झालेलं चुलीवरचं पातेलं, मटणाची कढई, अशालाच.

राख वापरायची तर लाकडाची किंवा गोवरीची, जुन्या धोतराच्या फडक्यातून चाळलेली. चुलीत प्लॅस्टिकची पिशवी टाकून जाळ केला असेल तर ती राख उकिरड्यावर. जर्मनच्या पातेल्याला राख लावून ठेवू नका, क्षारानं ते काळवंडतं आणि झिजतं. आणि राख भिजवून वर येणारं निवळ पाणी हाताला सोसत नाही. सुनेच्या हातासाठी राख हा उपाय नव्हता.

रिठा

तिच्या हाताला सोसला तो रिठा. आता रोजची भांडी आणि घरातले कपडे रिठ्यावर आहेत.

कृती अशी. रिठे फोडून काळी बी बाजूला काढायची, कामाचं असतं ते वरचं टरफल. 100 ग्रॅम टरफलं दीड लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची. सकाळी त्याच पाण्यात अर्धा तास मंद जाळावर उकळायची. उतू जातं, म्हणून पातेलं मोठं घ्या. गार झालं की हातानं चांगलं कुस्करायचं आणि फडक्यातून गाळायचं. चोथा परत थोड्या पाण्यात उकळला की दुसरं पाणी निघतं, ते पातळ असतं, फरशी पुसायला बरं. हे द्रावण चार-पाच दिवसांत आंबायला लागतं, म्हणून आठवड्यापुरतंच करायचं. फ्रिज असेल तर थोडं जास्त टिकतं.

रिठ्यात सॅपोनिन असतं, फेस त्याचाच. आपल्या बोअरचं पाणी जड असतं. जड पाण्यात साबण फुटतो आणि बादलीला पांढरी साय धरते. रिठ्याची तशी साय धरत नाही. फेस मात्र पावडरीपेक्षा कमी येतो आणि पहिले आठ दिवस भांडं स्वच्छ झालंय यावर मनाचा विश्वास बसत नाही. बोट फिरवून बघा, ओशट लागलं नाही म्हणजे निघालं.

रेशमाला आणि लोकरीला तर रिठ्यासारखं दुसरं नाही. सोड्यानं रेशीम खराब होतं, म्हणून जुन्या बायका शालू रिठ्यातच धुवायच्या. सोनारही दागिना रिठ्याच्या पाण्यात धुतो. मात्र पांढऱ्या कपड्यांवर रिठ्याची किंचित पिवळट छटा येते. मालकांची पांढरी टोपी आणि नातवाचा शाळेचा शर्ट मी रिठ्यात घालत नाही. दुधाच्या किटलीलाही लावत नाही, रिठा कडू आहे. डेअरीत एका घरच्या दुधाचा वास किंवा चव बदलली तर सगळ्यांच्या दुधावर पाणी पडतं. किटलीला गरम पाणी, ब्रश आणि ऊन, आणि डेअरीनं सांगितलेला धुण्याचा सोडा बेतानं. ते पाणी आम्ही परसात सोडत नाही.

आणखी एक काम. निंबोळी अर्काच्या फवारणीत आपण 100 लिटरला 200 ग्रॅम साबणाचा चुरा टाकतो, द्रावण पानावर पसरावं म्हणून. रिठ्याचं पाणीही ते काम करतं. म्हणजे रविवारी केलेलं एकच पातेलं मोरीतही आणि पंपातही.

आंबट पाणी, म्हणजे बायोएन्झाइम

नाव मोठं आहे, पण आपण जीवामृत करणारी माणसं, आपल्याला यात नवीन काही नाही. गूळ, पाणी आणि साली, आंबवायचं. प्रमाण मूळ थायलंडकडून आलेलं आहे, एकास तीनास दहा. 100 ग्रॅम गूळ, 300 ग्रॅम लिंबू-मोसंबीच्या साली, 1 लिटर पाणी. जीवामृत काही दिवसांत वापरायला येतं, याला तीन महिने लागतात.

साली धुऊन घ्या, बाजारच्या फळावर काय मारलेलं असतं ते आपल्याला शेतकऱ्यांनी सांगायला नको. प्लॅस्टिकचा कॅन घ्या आणि वरचा पाचवा हिस्सा मोकळा सोडा. पहिला महिना रोज एकदा झाकण सैल करून गॅस सोडायचा. काचेच्या बाटलीत घट्ट झाकण लावून अजिबात ठेवू नका, गॅस कोंडून बाटली फुटते. कॅनवर तारीख लिहा. तीन महिन्यांनी गाळलं की तांबूस, आंबूस वासाचं पाणी मिळतं. ते शिरक्याच्या जातीचं असतं, आंबवण्यात तयार झालेलं आम्ल त्यात असतं.

आम्ल आहे हे लक्षात ठेवलं की कुठं चालेल आणि कुठं नाही ते आपोआप कळतं. बोअरच्या पाण्यानं नळाच्या तोटीवर, बादलीवर, न्हाणीतल्या टाइल्सवर जो पांढरा थर धरतो, तो चुन्याचा. त्यावर हे पाणी तसंच लावून अर्धा तास ठेवायचं आणि काथ्यानं घासायचं. थर सुटतो. संडासाच्या भांड्यात रात्री कपभर टाकून ठेवायचं, सकाळी ब्रश मारायचा. आमच्या संडासाच्या टाकीतलं काम जिवाणू करतात. तिथं दर आठवड्याला बाटलीभर तेजाब ओतण्यापेक्षा हे बरं. फरशी पुसायला अर्ध्या बादलीत दोन झाकणं.

पण कुठली फरशी, ते आधी बघा. शहाबादी फरशी आणि कडप्प्याचा ओटा, दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. आम्ल त्यांना खातं. चुनखडीची जमीन कशी ओळखतो? मातीवर तेजाबाचा थेंब टाकला की फसफसते. तसंच लिंबाचा एक थेंब ओट्याच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात टाका. बारीक बुडबुडे आले किंवा डाग फिका पडला तर त्या दगडावर लिंबू, शिरका, हे आंबट पाणी, काही नको. तिथं रिठ्याचं दुसरं पाणी. आमच्या सोप्यात शहाबादी आहे, तिथं आंबट पाण्याचं फडकं जात नाही.

तांब्यापितळेच्या भांड्यांचं काय, ते सगळ्यांना माहीत आहे. चिंचेचा कोळ आणि मीठ. चिंचेतलं आम्ल तांब्यावरचा काळा थर काढतं. फक्त लगेच धुऊन कोरडं करायचं. आंबट लागलेलं तसंच राहिलं तर हिरवं धरतं.

घासायला आम्ही घोसाळ्याची जाळी वापरतो. वेलावर दोन-तीन घोसाळी जून होऊ द्यायची, वाळली की साल काढायची, बी झटकायची. एक जाळी महिनाभर जाते, बी पुढच्या पावसाळ्याला होते.

आंबट आणि सोडा एकत्र करू नका

मोबाइलवर एक प्रकार फार फिरतो. लिंबू किंवा शिरका घ्या, त्यात सोडा टाका, फसफसलं की झालं क्लीनर तयार. अहो, फसफसतं तो गॅस निघून जातो. आम्लानं सोडा मारला, सोड्यानं आम्ल मारलं. मागं राहतं ते खारट पाणी आणि त्यात परत सोडियम. दोन औषधं टाकीत एकत्र करून फाटलं की आपण ते पिकावर मारतो का? तसंच हे. थर काढायचा तर आंबट एकटं. ओशट काढायचं तर सोडा एकटा. मोरी तुंबली असेल तर जाळी काढून केस आणि खरकटं बाहेर काढा, त्याला दुसरा उपाय नाही.

त्याहून महत्त्वाचं, आंबट पाणी आणि टीसीएल पावडर कधीही एकत्र येऊ देऊ नका. टीसीएल, म्हणजे ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती ब्लीचिंग पावडर. ती आम्लात मिसळली की क्लोरीन वायू सुटतो. दार बंद असलेल्या संडासात तो छातीत गेला तर माणूस गुदमरतो. संडास धुवायचं दुकानातलं तेजाब आणि ब्लीचिंग मिसळलं तरी तेच. घरी केलेलं आंबट पाणी नैसर्गिक आहे म्हणून यातून सुटका नाही. आज एक वापरलं असेल तर भरपूर पाणी ओता आणि दुसरं दुसऱ्या दिवशी.

नैसर्गिक म्हणजे बिनविषारी, असं नाही

हे शेतकऱ्याला जास्त समजावून सांगावं लागत नाही. तंबाखू नैसर्गिक, धोतरा नैसर्गिक, कण्हेर नैसर्गिक. दशपर्णी ढवळून झाल्यावर हात धुतल्याशिवाय कुणी भाकरीला हात लावत नाही. रिठाही तसाच. डोळ्यात गेला तर चांगलाच झोंबतो. रिठ्याचं पाणी माशांना विष आहे, म्हणून शेततळ्यात मासे सोडले असतील तर ते पाणी तिकडं वळवू नका, आडातही नको.

म्हणून मी मोरीलाही फवारणीच्या खोपटाचे नियम लावलेत. मापाचा कप वेगळा, त्यानं चहा-साखर मोजायची नाही. प्रत्येक बाटलीवर चिकटपट्टी लावून नाव आणि तारीख. फळी उंचावर, पोराच्या हाताबाहेर. आणि थंड पेयाच्या बाटलीत काही भरायचं नाही, मग ते तेजाब असो नाहीतर रिठ्याचं पाणी. आमच्याच आळीत एका घरी पाहुण्यांचं पोर संडासाजवळ ठेवलेली अशी बाटली उघडत होतं. आत सुटं आणलेलं तेजाब. आजीनं वेळेत हिसकावली. पोराला काय कळणार, त्याला बाटली ओळखीची वाटली. पोटात गेलंच तर उलटी काढायला बोट घालू नका, जाताना जळलेलं वर येताना परत जाळतं. बाटलीसकट सरळ दवाखाना.

काय घरच्यानं भागत नाही

घरात जुलाब, उलट्या, कावीळ असं काही असेल तर संडास-न्हाणीला ब्लीचिंग पावडरच. आशाताई प्रमाण सांगतात, तेच धरायचं. रिठा मळ काढतो, आंबट पाणी थर काढतं, पण रोगजंतू मारायची खात्री मी दोघांचीही देणार नाही. आमच्या बचत गटात विक्रीसाठी बाटल्या भरायचं चाललं होतं. एकीनं सुचवलं की लेबलवर "100 टक्के जंतुनाशक" लिहू, खप होईल. मी म्हणलं, कुठं तपासून घेतलंय का? नाही तर लिहायचं नाही. "रिठ्याचं पाणी, 7 दिवसांत वापरा" एवढंच लिहा. थोडी वादावादी झाली, शेवटी तेवढंच लिहायचं ठरलं. बाटल्या कमी खपतात, पण घेतलेली बाई परत येते.

दुसरं, फवारणीचे कपडे. ते घरच्या कपड्यांत मिसळायचे नाहीत. वेगळी बादली, गरम पाणी, चांगली पावडर, दोन वेळा धुणं आणि उन्हात वाळवणं. इथं रिठ्याचा हट्ट नको. ते पाणी परसातही नको आणि आड-विहिरीजवळही नको. ज्यानं फवारणी केली त्यानंच ते धुवायचे, हा आमच्या घरचा नियम.

आता तिसरा प्रश्न

मी पहिल्यांदा रिठे आणले तेव्हा सून म्हणाली, "आई, सगळं बरोबर आहे. पण भिजवणार कोण, उकळणार कोण, गाळणार कोण? पहाटे पाचला धार, सातला डबे, नऊला रानात. पावडरीचा पुडा फोडला की काम होतं."

तिचं खरं होतं. आत्याबाई राखेनं भांडी घासायच्या तेव्हा रोज तासन् तास मोरीत बसायच्या, आणि त्यांच्या पाठीचा बाक तिथलाच. जुनं ते चांगलं म्हणणारे बहुतेक जण मोरीत बसलेले नसतात. घरात "नैसर्गिक" म्हणून काही आणलं की त्याचं काम न विचारता बाईच्या अंगावर येऊन पडतं. पावडरीनं हात गेले आणि रिठ्यानं पाठ गेली, तर त्यात मिळवलं काय?

म्हणून ठरवलं, करायचं फक्त दोनच गोष्टींचं, रिठा आणि आंबट पाणी. आणि करायचं सुनेनं नाही. शनिवारी रात्री रिठे मुलगा फोडून भिजत घालतो. रविवारी सकाळी अंघोळीचं पाणी तापल्यावर त्याच चुलीवर मालक ते उकळतात. पहिल्यांदा कुरकुरले, "आता या वयात रिठे कुस्करायचे का?" मी म्हणलं, जीवामृत ढवळता ते चालतं, मग हे का नाही? आता स्वतःच गाळून बाटल्या भरून ठेवतात आणि कुणी आलं की दाखवतात. साली रसाच्या गाड्यावरून मुलगा आणतो, तीन महिन्यांतून एकदा कॅन भरतो. माझ्याकडं झाकण सैल करायचं काम. सुनेकडं यातलं काहीच नाही. ती फक्त वापरते. सणाच्या गर्दीत किंवा लग्नसराईत रिठा संपला तर पुडा फोडते आणि त्यावर घरात कुणी बोलायचं नाही, हेही ठरलेलं आहे.

झालं काय

सुनेचे हात दोन-अडीच महिन्यांत भरून आले. मलमही चालू होतं, म्हणून सगळं श्रेय रिठ्याला देत नाही. पण मलम बंद झाल्यावरही चिरा परत आल्या नाहीत.

परसाचं म्हणाल तर नुसती पावडर कमी करून माती सुधारत नाही. मोरीच्या तोंडाशी जिप्सम मिसळलं, शेणखत घातलं, पाणी एकाच जागी न सोडता चर काढून तीन वाफ्यांत फिरवलं. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला जागेवरून हटवतं, आणि मग तो धुऊन जायला चर लागतोच. हे सगळं मिळून दोन पावसाळे गेल्यावर पाणी मुरायला लागलं. अळू परत आलंय. कढीपत्ता अजून रुसलेला आहे. पावडर महिन्याला चारवरून एका किलोवर आली, ती फवारणीच्या आणि पांढऱ्या कपड्यांना, आणि तिचं पाणी रस्त्याकडच्या शोषखड्ड्यात जातं.

ज्यांचं सांडपाणी गटारीत जातं त्यांना वाटेल, आपल्याला काय त्याचं. गावाची गटार ओढ्याला मिळते, ओढा नदीला, आणि त्याच नदीवर खालच्या गावाची मोटर बसलेली असते. आपल्या वरच्या अंगाला पण गावं आहेत, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

सुरू करायचं असेल तर एकदम सगळं बदलू नका. आधी पाणी कुठं जातं ते बघून या. मग एका आठवड्यापुरता 100 ग्रॅम रिठा आणा आणि फक्त भांड्यांना वापरा. हाताला, भांड्याला आणि वेळेला जमलं तर पुढं. आणि काढलेली काळी बी टाकू नका. टणक असते, म्हणून कोमट पाण्यात दिवसभर भिजवून पिशवीत लावा. आमच्या बांधावर पाच रोपं उभी आहेत, गुडघ्याएवढी. फळ धरायला बरीच वर्षं जातील, तोवर बाजारचा रिठा आहेच.

वळीव झाला की हुमणीचे भुंगेरे निघतील. पुढची नोंद सापळ्यांची.